लॉगमध्ये नोंदी आहेत, मेट्रिक मात्र गप्प: लॉगवरून काढलेल्या मेट्रिकचं समस्या निवारण

लॉग एक्सप्लोररमध्ये (प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदी शोधायच्या पडद्यावर) फिल्टर टाकला की शेकडो नोंदी समोर येतात. त्याच फिल्टरवर उभं केलेलं मेट्रिक (जुळणाऱ्या नोंदींवरून काढलेला, आलेखात दिसणारा आकडा) मात्र सपाट रेघ दाखवतं, नाहीतर काहीच दाखवत नाही. ही तक्रार पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी थोडं वेगळं रूप घेऊन येते. कधी आकडा येतो, पण खऱ्याच्या कितीतरी पट मोठा. कधी कालपर्यंत नीट चाललेलं मेट्रिक आजच्या डिप्लॉयनंतर (नवा कोड चढवल्यावर) बंद पडतं. कधी आलेख अगदी बरोबर असतो, फक्त अलर्ट वाजत नाही.

खालचं विवेचन मुख्यतः गूगल क्लाऊड लॉगिंगला धरून आहे. अ‍ॅमेझॉन क्लाऊडवॉच जिथे वेगळं वागतं, तिथे तसं सांगितलं आहे. फील्ड, ऑपरेटर आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कन्सोलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

शोध कुठून सुरू करायचा

बहुतेक जण अलर्टपासून उलटे मागे जातात: थ्रेशोल्ड (अलर्ट वाजायची मर्यादा) कमी करून बघतात, विंडो (मोजणीचा कालखंड) बदलतात, नोटिफिकेशन चॅनल तपासतात. यात तास जातात, कारण बिघाड बहुधा साखळीच्या दुसऱ्या टोकाला असतो. नोंद लॉगिंग सेवेत पोहोचते, तिच्यावर फिल्टर लागतो, जुळली तर एक्स्ट्रॅक्टर तिच्यातून आकडा आणि लेबलं (मोजणीचे गट पाडणारी मूल्यं) काढतो, तिच्या टाइमस्टॅम्पवर एक बिंदू पडतो, क्वेरी त्या बिंदूंची जुळवणी (ठरावीक कालखंडांत गोळाबेरीज) करते, आणि सगळ्यात शेवटी अलर्टची अट तपासली जाते. तपासणीही याच क्रमाने करा. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नका.

सुरुवात एका नोंदीपासून. जी मोजली जायला हवी होती अशी एक खरी नोंद उघडा, ती पूर्ण विस्तारून कच्च्या जेसन रूपात (फील्डचं नाव आणि मूल्य अशा जोड्यांत) कॉपी करून ठेवा आणि तिच्यात या पाच गोष्टी बघा: रिसोर्स.टाइप (नोंद कशातून आली) काय आहे, लॉगनेम काय आहे, सिव्हिरिटी (गंभीरतेची पातळी) काय आहे, मजकूर टेक्स्टपेलोडमध्ये (सलग मजकूर म्हणून) आहे की जेसनपेलोडमध्ये (वेगळ्या फील्डांत), आणि टाइमस्टॅम्प (नोंदीची वेळ) व रिसीव्हटाइमस्टॅम्प (ती पोहोचल्याची वेळ) यांच्यात किती अंतर आहे. बऱ्याच प्रकरणांचं उत्तर या पाच ओळींत सापडतं, म्हणून ही पायरी कधीही टाळू नये. एक्सप्लोररच्या यादीत दिसणारी एका ओळीची नोंद ही तिची सजवलेली आवृत्ती असते. फिल्टर तपासतो ते आतलं जेसन.

मेट्रिक नवं आहे का?

लॉगवरून काढलेलं मेट्रिक मागचं मोजत नाही. नाक्यावर गाड्या मोजायला माणूस ज्या क्षणी बसला, त्या क्षणापासूनच्याच गाड्या त्याच्या वहीत चढतात, तसंच हे आहे. मेट्रिक दुपारी तयार केलं आणि सकाळच्या आउटेजच्या नोंदी एक्सप्लोररमध्ये भरभरून दिसत असल्या, तरी आलेखात त्यातलं काहीही येणार नाही. फिल्टर दुरुस्त केला तरी दुरुस्ती लागू होते ती पुढच्याच नोंदींना. क्लाऊडवॉचच्या मेट्रिक फिल्टरलाही हाच नियम आहे. मागच्या काळाचा आकडा हवाच असेल तर लॉगवर थेट विश्लेषणाची क्वेरी चालवा. त्यासाठी मेट्रिक हे साधन नाही.

आणखी एक फसवी जागा: मेट्रिक निवडण्याच्या यादीत नाव सापडत नाही, म्हणून लोक ते पुन्हा तयार करतात. मेट्रिक्स एक्सप्लोररमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा पर्याय चालू असेल, तर अलीकडे डेटा आलेली मेट्रिक्सच यादीत दिसतात. तो बंद करून पुन्हा शोधा.

फिल्टर जुळतोय असं वाटतं, पण जुळत नाही

इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा, कारण बिघाडाच्या बहुतेक वाटा इथूनच फुटतात.

पहिली वाट पेलोडची. ॲप्लिकेशन एका ओळीत जेसन छापतं, एजंट (नोंदी गोळा करून पाठवणारा प्रोग्राम) त्यातली ओळखीची फील्ड उचलून नोंदीच्या मुख्य भागात नेतो. जेसनमधलं ‘सिव्हिरिटी’ हे फील्ड नोंदीच्या सिव्हिरिटीत जातं आणि जेसनपेलोडमधून नाहीसं होतं. त्यामुळे ‘जेसनपेलोड.सिव्हिरिटी="एरर"’ हा फिल्टर कधीच जुळत नाही. ‘सिव्हिरिटी=एरर’ जुळतो. उलट, तुमची लॉगिंग लायब्ररी त्याच फील्डला ‘लेव्हल’ म्हणत असेल तर ते उचललं जात नाही, जेसनपेलोडमध्येच राहतं. मग ‘सिव्हिरिटी>=एरर’ या फिल्टरला त्या नोंदी दिसत नाहीत.

याहून नाजूक प्रकार मेसेजचा आहे. उचलायची फील्ड उचलून झाल्यावर जेसनमध्ये फक्त ‘मेसेज’ उरला, तर मजकूर टेक्स्टपेलोडमध्ये जाऊन बसतो. सोबत आणखी एखादं फील्ड असेल तर तो जेसनपेलोड.मेसेजमध्ये राहतो. म्हणजे एकाच सर्व्हिसच्या एकाच प्रकारच्या चुका दोन वेगळ्या जागी पडतात आणि मेट्रिक अर्ध्याच मोजतं. कुणीतरी लॉगमध्ये रिक्वेस्ट आयडी जोडला आणि मेट्रिक बंद पडलं, या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. दोन्ही जागा फिल्टरमध्ये ऑरने जोडा. त्याहून चांगलं म्हणजे मेसेजवर अवलंबून राहणंच सोडा. ते कसं, हे पुढे येतंच.

दुसरी वाट सिव्हिरिटीची. कुबरनेटिस इंजिनवर (कंटेनर चालवणाऱ्या गूगलच्या सेवेवर) कंटेनरने स्टँडर्ड आउटपुटवर छापलेल्या साध्या मजकुराला इन्फो ही सिव्हिरिटी मिळते आणि स्टँडर्ड एररवर छापलेल्याला एरर. काही लॉगिंग लायब्रऱ्या मुळातच सगळं काही स्टँडर्ड एररवर लिहितात. पायथॉनचं लॉगिंग मॉड्यूल हे त्याचं नेहमीचं उदाहरण. मग ‘सिव्हिरिटी>=एरर’ वर बांधलेलं मेट्रिक चुका मोजत नाही, तर ओळी मोजतं, आणि आकडा अवाच्या सवा फुगतो. उपाय फिल्टरमध्ये नाही, ॲप्लिकेशनमध्ये आहे: जेसन छापा आणि त्यात सिव्हिरिटी स्पष्ट लिहा. स्टॅक ट्रेसही (चूक कोडमध्ये कुठून कुठे आली याची यादी) असाच आकडा फुगवतो. चाळीस ओळींचा ट्रेस साध्या मजकुरात छापला तर त्याच्या चाळीस नोंदी होऊ शकतात. पूर्ण ट्रेस एका जेसन फील्डमध्ये, ओळ बदलण्याच्या चिन्हांसकट एकाच ओळीत गेला पाहिजे.

तिसरी वाट ऑपरेटरच्या अग्रक्रमाची. प्रोग्रामिंगची सवय असलेला माणूस इथे हमखास घसरतो. बहुतेक भाषांत अँड आधी बांधला जातो, ऑर नंतर. क्लाऊड लॉगिंगच्या क्वेरी भाषेत क्रम आहे: आधी नॉट, मग ऑर, मग अँड. ‘अ अँड ब ऑर क अँड ड’ लिहिलं तर त्याचा अर्थ ‘(अ आणि ब) किंवा (क आणि ड)’ होत नाही. तो होतो ‘अ, आणि (ब किंवा क), आणि ड’. अ आणि ड एकाच नोंदीत कधीच नसतील तर मेट्रिक कायमचं शून्य. कंस घाला, नेहमी, गरज वाटत नसली तरी. शिवाय हे तीन शब्द मोठ्या लिपीतच (कॅपिटल अक्षरांत) लिहावे लागतात. छोट्या लिपीतला ‘ऑर’ हा ऑपरेटर राहत नाही, तो शोधायचा शब्द समजला जातो. वेगळ्या ओळींवर लिहिलेल्या अटी आपोआप अँडने जोडल्या जातात, हेही लक्षात असू द्या.

चौथी वाट गैरहजर फील्डची. पेलोडमध्ये जे फील्ड नाही त्याच्यावरची कुठलीही तुलना गुपचूप खोटी ठरते, चूक दाखवली जात नाही. ‘जेसनपेलोड.एन्व्ह != "टेस्ट"’ असं लिहून टेस्टच्या नोंदी वगळायला जाल, तर ज्या नोंदींत ‘एन्व्ह’ हे फील्डच नाही त्याही गळतात. ‘नॉट जेसनपेलोड.एन्व्ह="टेस्ट"’ असं लिहिलं की त्या राहतात, कारण आतली तुलना खोटी आणि तिचा नकार खरा.

अक्षरांच्या आकाराबद्दल थोडक्यात: क्लाऊड लॉगिंगमध्ये बरोबर आणि अपूर्णविराम या साध्या तुलना लहान-मोठ्या लिपीत भेद करत नाहीत, रेग्युलर एक्स्प्रेशनची (मजकुराचा साचा सांगणाऱ्या सूत्राची) तुलना करते. क्लाऊडवॉचमध्ये मात्र साधे शब्दही भेद पाळतात. तिथे मोठ्या लिपीतला ‘एरर’ शोधला तर छोट्या लिपीतला मोजला जात नाही.

क्लाऊडवॉचच्या पॅटर्नचे वेगळे हट्ट

जेसन पॅटर्न महिरपी कंसात आणि डॉलर चिन्हाने सुरू होणाऱ्या पाथने लिहितात, पण तो जुळण्यासाठी नोंद सुरुवातीपासून शेवटपर्यंत वैध जेसन असावी लागते. तिच्यापुढे वेळ, रिक्वेस्ट आयडी किंवा लेव्हल छापलेली असेल तर माणसाला जेसन दिसतं, फिल्टरला दिसत नाही. लॅम्बडा (अ‍ॅमेझॉनची छोटे प्रोग्राम चालवणारी सेवा) फंक्शनमध्ये नोडचं कन्सोल.लॉग वापरलं की साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये नेमकं हेच होतं. फंक्शनचा लॉग फॉरमॅट जेसन करा. मात्र तसं केल्यावर तुमची फील्ड एक पातळी आत, ‘मेसेज’खाली जाऊ शकतात, आणि पाथही तसा बदलावा लागतो. एक नोंद उघडून पाथ डोळ्यांनी बघा.

शब्दांच्या पॅटर्नमध्ये दोन शब्द शेजारी लिहिले तर दोन्ही असायला हवेत असा अर्थ होतो. ‘यापैकी कोणताही’ म्हणायचं तर प्रत्येक शब्दापुढे प्रश्नचिन्ह लावतात. पण प्रश्नचिन्हाचे शब्द आणि साधे शब्द एकत्र आणले तर प्रश्नचिन्हाचे शब्द विचारातच घेतले जात नाहीत, आणि यावर कुठलीही सूचना येत नाही. अक्षर, आकडा आणि अधोरेषा सोडून काहीही चिन्ह असलेला शब्द दुहेरी अवतरणात टाका. सुरुवातीचं वजाचिन्ह म्हणजे ‘हा शब्द नको’.

आणखी एक: ज्या लॉग ग्रुपचा वर्ग ‘इनफ्रीक्वंट अ‍ॅक्सेस’ आहे, त्यावर मेट्रिक फिल्टर चालतच नाही. खर्च वाचवायला कुणी नवे लॉग ग्रुप त्या वर्गात बनवले असतील, तर कारण पॅटर्नमध्ये शोधू नका. एका लॉग ग्रुपला मेट्रिक फिल्टर १०० पर्यंतच जोडता येतात, हेही मोठ्या सामायिक ग्रुपमध्ये आडवं येतं.

नोंद त्या प्रोजेक्टमधून गेलीच नाही

फिल्टर निर्दोष आहे, तरी शून्य. अशा वेळी नोंद कुठून कुठे जाते ते बघा. गूगल क्लाऊडमध्ये प्रोजेक्टच्या पातळीवरचं मेट्रिक ज्या प्रोजेक्टमध्ये नोंद मुळात उतरते तिथल्याच नोंदी मोजतं. अनेक प्रोजेक्टचे लॉग सिंकमधून (नोंदी दुसरीकडे वळवणाऱ्या वाटेने) एका मध्यवर्ती बकेटमध्ये (लॉगच्या साठ्यात) आणले असतील, तर एक्सप्लोररमध्ये ते मध्यवर्ती प्रोजेक्टमध्ये दिसतात, पण त्या प्रोजेक्टच्या मेट्रिकला ते दिसत नाहीत. दोन मार्ग आहेत: प्रत्येक मूळ प्रोजेक्टमध्ये मेट्रिक बनवा, किंवा मध्यवर्ती लॉग बकेटवर बकेट-पातळीचं मेट्रिक बनवा. प्रोजेक्ट बरेच असतील तर दुसरा मार्ग सांभाळायला खूप सोपा.

एक्सक्लूजनबद्दल एक गैरसमज जागोजागी आढळतो. साठवणुकीतून वगळलेल्या नोंदी मोजल्या जात नाहीत, असं लोक धरून चालतात. प्रोजेक्ट-पातळीवर आपण स्वतः बनवलेलं मेट्रिक वगळलेल्या नोंदीही मोजतं. म्हणून एक्सप्लोररमध्ये शून्य नोंदी आणि मेट्रिकमध्ये हजारो, असंही दिसू शकतं, आणि ते बरोबर असतं. बोलघेवड्या लॉगची साठवणूक बंद करून त्यांची मोजणी चालू ठेवायची असेल तर ही फार उपयोगी सोय आहे. मात्र सिस्टमने दिलेली तयार मेट्रिक्स, बकेट-पातळीची मेट्रिक्स आणि नोंद जुळली की थेट वाजणारे लॉग अलर्ट, या तिघांना वगळलेल्या नोंदी दिसत नाहीत.

सँपलिंगही तपासा. लोड बॅलन्सरच्या लॉगिंगचा सँपल रेट ०.१ असेल तर दहा रिक्वेस्टमागे साधारण एकच नोंद येते. मेट्रिक आलेल्या नोंदी मोजतं, झालेल्या रिक्वेस्ट मोजत नाही. काही लॉगिंग लायब्रऱ्याही एकसारखे मेसेज काही संख्येनंतर गाळतात, आणि नेमकं संकटाच्या वेळी, चुकांचा पूर आला की, आकडा खाली दाबला जातो.

चाचणीची नोंद कशी टाकावी

वाट पाहत बसण्यापेक्षा ओळखीची नोंद स्वतः टाका. पण एक खाच आहे: ‘जीक्लाऊड लॉगिंग राइट’ या कमांडने टाकलेली नोंद, वेगळं काही सांगितलं नाही तर, ‘ग्लोबल’ या रिसोर्स टाइपखाली जाते. तुमच्या फिल्टरमध्ये रिसोर्स.टाइप कंटेनरचा असेल तर ती जुळणारच नाही, आणि तुम्ही चांगल्या फिल्टरला दोष देत बसाल. खरी चाचणी म्हणजे ॲप्लिकेशनकडूनच ती ओळ छापून घेणं. ते जमत नसेल तर एपीआयमधून योग्य रिसोर्ससह नोंद लिहा.

क्लाऊडवॉचमध्ये ‘टेस्ट मेट्रिक फिल्टर’ ही कमांड पॅटर्न आणि नमुन्याच्या ओळी घेऊन कोणत्या जुळल्या ते लगेच सांगते. कच्ची ओळ जशीच्या तशी द्या. हाताने टाइप केलेला नमुना नेहमी जुळतो, म्हणूनच तो काही सिद्ध करत नाही.

आकडा निघत नाही, किंवा भलताच निघतो

काउंटर मेट्रिकला (नुसती संख्या मोजणाऱ्या) फक्त जुळणं पुरतं. डिस्ट्रिब्यूशन मेट्रिकला (आकड्यांची विभागणी दाखवणाऱ्या) नोंदीतून आकडा काढावा लागतो, आणि तो निघाला नाही तर ती नोंद मोजली जात नाही. सगळ्यात वारंवार दिसणारं कारण म्हणजे आकड्याला चिकटलेलं एकक: फील्डमध्ये ‘१३२ एमएस’ असा मजकूर आहे आणि एक्स्ट्रॅक्टर तो सगळाच उचलतो. रेग्युलर एक्स्प्रेशनने फक्त आकडे आणि दशांश चिन्ह पकडा. त्यात पकडणारा गोल कंस नेमका एकच असला पाहिजे. दुसरीकडे कुठे गटासाठी कंस लागला तर तो न पकडणारा ठेवा. इथली रेग्युलर एक्स्प्रेशन्स आरई२ पद्धतीची आहेत, म्हणून पुढे-मागे डोकावणाऱ्या अटी आणि मागच्या गटाचा संदर्भ चालत नाही. दुसऱ्या कुठल्या भाषेतून उचललेली एक्स्प्रेशन इथे अडते ती यामुळे.

टेराफॉर्म, यामल किंवा शेलमधून (म्हणजे कन्सोलऐवजी फाइल किंवा कमांड लिहून) मेट्रिक बनवताना उलट्या तिरक्या रेघा एकदा, दोनदा, कधी तीनदा गिळल्या जातात. कोडमध्ये काय लिहिलं याला महत्त्व नाही, साठवलं काय गेलं याला आहे. ‘जीक्लाऊड लॉगिंग मेट्रिक्स डिस्क्राइब’ चालवून आत गेलेली एक्स्प्रेशन वाचा.

एकक एकच ठेवा. एक सर्व्हिस सेकंदात आणि दुसरी मिलिसेकंदात लिहीत असेल तर ९९वा पर्सेंटाइल (ज्याच्या खाली ९९ टक्के मूल्यं येतात तो आकडा) पूर्ण निरर्थक होतो. फील्डच्या नावातच एकक घाला: ‘लेटन्सी_एमएस’.

बकेटची आखणी हा दुर्लक्षित पण मोलाचा भाग आहे. इथे बकेट म्हणजे आकड्यांचा एक टप्पा, लॉग साठवायची बकेट नव्हे. घातांकी बकेट, स्केल ०.०१ आणि वाढीचा गुणक २ असेल तर एका बकेटच्या सीमा ६५५.३६ आणि १,३१०.७२ येतात. मिलिसेकंदात बघितलं तर ७०० आणि १,३०० दोन्ही एकाच बकेटमध्ये. पर्सेंटाइल बकेटच्या आत अंदाजाने काढला जातो, त्यामुळे तुमची मर्यादा १,००० मिलिसेकंद असेल तर ती ओलांडली की नाही हे आलेख खात्रीने सांगू शकत नाही. स्केल १० आणि गुणक १.२ घेतला तर ३८ बकेटमध्ये १० मिलिसेकंदांपासून १० सेकंदांपर्यंतचा पल्ला झाकला जातो आणि प्रत्येक बकेटची रुंदी तिच्या खालच्या सीमेच्या वीस टक्केच राहते. बकेटची कमाल संख्या २०० आहे. याहून चांगलं, सीमा स्वतः लिहून द्या आणि ज्या मर्यादेवर अलर्ट आहे ती मर्यादा त्यांतली एक सीमा असू द्या.

लेबलांचा फुगवटा

मेट्रिक सुरुवातीला छान चालतं, मग काही आठवड्यांनी आकडे गळू लागतात किंवा बिल वाढतं. बघावं तर लेबलांत यूजर आयडी, रिक्वेस्ट आयडी किंवा पूर्ण यूआरएल. लेबलांच्या मूल्यांचा प्रत्येक वेगळा संच म्हणजे एक स्वतंत्र टाइम सीरिज (आलेखातली एक रेघ). हिशेब गुणाकाराचा आहे: ५ स्टेटस वर्ग, ४० रूट (वेबपत्त्यांचे मार्ग) आणि ६० पॉड (सर्व्हिसच्या चालू प्रती) म्हणजे १२,०००. यातलं पॉडचं नाव तुम्ही लेबल म्हणून घातलेलंही नसतं, ते रिसोर्सकडून येतं, आणि प्रत्येक डिप्लॉयबरोबर नवी नावं येतात. गूगल क्लाऊडमध्ये एका मेट्रिकला स्वतःची लेबलं १० पर्यंत देता येतात आणि सक्रिय टाइम सीरिजची मर्यादा ३०,००० आहे. तिच्यापुढे डेटा गळायला लागतो. हे झालंय का, ते ‘मेट्रिक थ्रॉटल्ड’ या सिस्टम मेट्रिकवर दिसतं. त्यावर अलर्ट लावून ठेवणं शहाणपणाचं.

क्लाऊडवॉच याहून कडक आहे: एका फिल्टरला जास्तीत जास्त ३ डायमेन्शन (तिथली लेबलं), तीही जेसन किंवा स्पेसने विभागलेल्या पॅटर्नलाच, आणि थोड्या काळात १,००० वेगळ्या नाव-मूल्य जोड्या तयार झाल्या तर सेवा तो फिल्टर बंद करू शकते. ‘मेट्रिक फिल्टर आपोआप बंद पडला’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथे असतं.

लेबल म्हणून घ्या ते मोजक्या मूल्यांचं: स्टेटसचा वर्ग, रूटचा साचा, रीजन, एरर कोड. यूआरएलमधून आयडी काढून टाकलेला साचा ॲप्लिकेशनने स्वतः लॉगमध्ये लिहावा. रेग्युलर एक्स्प्रेशनने तो पाडत बसणं टिकत नाही. कोणत्या ग्राहकाला त्रास झाला हे शोधायला लॉग आहेतच. मेट्रिकचं काम ‘किती’ सांगण्याचं.

एकदा घातलेलं लेबल गूगल क्लाऊडच्या मेट्रिकमधून काढता येत नाही, त्याचं नाव किंवा प्रकारही बदलता येत नाही. नवं लेबल जोडता येतं, फिल्टर आणि एक्स्ट्रॅक्टर बदलता येतात. चुकीचं लेबल काढायचं तर नव्या नावाने दुसरं मेट्रिक बनवा, दोन्ही काही दिवस शेजारी चालू ठेवा, डॅशबोर्ड आणि अलर्ट नव्यावर हलवा, आणि मगच जुनं पुसा.

वेळ: सगळ्यात उशिरा सापडणारं कारण

बिंदू पडतो तो नोंदीच्या स्वतःच्या टाइमस्टॅम्पवर. क्लाऊड लॉगिंगमध्ये टाइमस्टॅम्प २४ तासांहून जुना किंवा १० मिनिटांहून जास्त पुढचा असेल तर नोंद मेट्रिकमध्ये मोजलीच जात नाही, एक्सप्लोररमध्ये मात्र ती दिसते. ॲप्लिकेशन स्थानिक वेळ टाइमझोनशिवाय छापतं आणि एजंट तिला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतो, ही नेहमीची वाट. स्थानिक वेळ यूटीसीच्या पुढे असेल तर प्रत्येक नोंद काही तास भविष्यात पडते आणि मेट्रिक पूर्ण शून्य होतं. मागे असेल तर नोंदी मोजल्या जातात, पण काही तासांपूर्वीच्या जागी, म्हणून आलेख सरकलेला दिसतो आणि अलर्टची विंडो रिकामीच राहते. टाइमस्टॅम्प नेहमी यूटीसीत, शेवटी झेड लावून लिहा.

पोहोचायला होणारा उशीर वेगळा. रिसीव्हटाइमस्टॅम्पमधून टाइमस्टॅम्प वजा करा. वीसेक नोंदींवर हे केलं की अंदाज येतो. एजंटचा बफर भरलेला असेल, नेटवर्क तुटून जोडलं गेलं असेल, तर अंतर मिनिटांत जातं. अलर्टची जुळवणी एक मिनिटाची आणि नोंदी तीन मिनिटं उशिरा, असं असेल तर अट तपासली जाते तेव्हा तिथे काही नसतं. नंतर आलेख भरतो, म्हणून दुसऱ्या दिवशी बघणाऱ्याला कोडं पडतं की एवढा उंच शिखर असून अलर्ट का नाही. लॉगवरच्या मेट्रिकला एक मिनिटाची विंडो देऊ नका. दहा मिनिटांच्या आसपास ठेवली की बहुतेक उशीर तिच्यात सामावतो.

आलेख बरोबर, अलर्ट चूक

काउंटरवर ‘रेट’ लावला की आकडा दर सेकंदाचा होतो. मिनिटाला ३० चुका म्हणजे ०.५. थ्रेशोल्ड ५ ठेवला असेल तर तो मिनिटाला ३०० चुकांवर वाजेल. विंडोतली एकूण संख्या हवी असेल तर ‘डेल्टा’ निवडा आणि वेगवेगळ्या सीरिज ‘सम’ने एकत्र करा. एकत्र केलं नाही तर प्रत्येक पॉडची सीरिज स्वतंत्रपणे तपासली जाते, आणि साठ पॉडवर विखुरलेल्या साठ चुका कोणत्याच एका सीरिजमध्ये थ्रेशोल्ड गाठत नाहीत.

क्लाऊडवॉचमध्ये याच जागी स्टॅटिस्टिक दगा देतं. मेट्रिकचं मूल्य १ असेल आणि अलार्म ‘अ‍ॅव्हरेज’वर असेल, तर एक चूक असो वा हजार, उत्तर १ च येतं. मोजणीला ‘सम’ लावा.

शून्य आणि ‘काहीच नाही’ यांतला फरक दोन्हीकडे महत्त्वाचा. एखाद्या लेबलसंचाची एकही नोंद आली नसेल तर ती सीरिज अस्तित्वातच नसते, तिच्यावरची ‘५ पेक्षा कमी’ ही अट कधी तपासलीच जात नाही. नोंदी थांबल्या हे ओळखायचं असेल तर गैरहजेरीची अट वापरा. तीही आधी एकदा तरी डेटा आलेला असेल तरच काम करते. क्लाऊडवॉचच्या फिल्टरला डीफॉल्ट मूल्य ० देता येतं, पण ते लिहिलं जातं ते त्या मिनिटात लॉग आले आणि एकही जुळला नाही तेव्हाच. लॉगच आले नाहीत तर शून्यही येत नाही. आणि डायमेन्शन असलेल्या फिल्टरला डीफॉल्ट मूल्य देताच येत नाही. म्हणून चुकांच्या अलार्ममध्ये गहाळ डेटा ‘नॉट ब्रीचिंग’ (मर्यादा न ओलांडलेला) धरा, आणि ‘मी चालू आहे’ असे नियमित ठोके मोजणाऱ्या अलार्ममध्ये ‘ब्रीचिंग’. हा पर्याय न बदलता सोडला की अलार्म ‘इनसफिशियंट डेटा’त अडकून राहतो.

क्वचित घडणाऱ्या, पण एकदा घडली तरी माणूस उठवायलाच हवा अशा घटनेसाठी मेट्रिक वापरूच नये. नोंद जुळताच वाजणारा लॉग अलर्ट तिथे योग्य. फक्त ती नोंद एक्सक्लूजनमध्ये जात नाही ना, हे बघा.

डिप्लॉयनंतर पुन्हा पुन्हा तुटत असेल तर

मग बिघाड मेट्रिकमध्ये नाहीच. फिल्टर माणसांसाठी लिहिलेल्या वाक्यावर टांगलेला आहे आणि ते वाक्य बदलायचा डेव्हलपरला पूर्ण हक्क आहे. ‘पेमेंट अयशस्वी’चं ‘पेमेंट नाकारलं’ झालं की मेट्रिक मुकं होतं, आणि शून्य चुका दाखवणारा आलेख सगळ्यांना आनंदाचाच वाटतो. म्हणून मोजायच्या प्रत्येक घटनेला स्थिर कोड द्या. जेसनपेलोडमध्ये ‘इव्हेंट’ नावाचं फील्ड, मूल्य ‘पेमेंट_फेल्ड’, आणि फिल्टर फक्त रिसोर्स.टाइप, लॉगनेम व या फील्डवर. मेसेज हवा तसा बदलू दे.

त्या कोडची यादी रिपॉझिटरीत ठेवा, मेट्रिकची व्याख्याही तिथेच टेराफॉर्ममध्ये ठेवा, आणि एक छोटी टेस्ट लिहा: ती चूक मुद्दाम घडवायची, छापलेली ओळ जेसन म्हणून वाचायची, ‘इव्हेंट’ आणि ‘लेटन्सी_एमएस’ अपेक्षित प्रकारात आहेत का बघायचं. आकडा आकडाच आहे, अवतरणातला मजकूर नाही, हेही त्याच टेस्टमध्ये तपासा. शिवाय ज्या मेट्रिकवर रात्रीचा अलर्ट अवलंबून आहे, त्याच्या शेजारी त्याच सर्व्हिसच्या एकूण नोंदींचं एक काउंटर ठेवा. चुका शून्य आणि एकूण नोंदी नेहमीइतक्या असतील तर सर्व्हिस ठीक आहे किंवा फिल्टर तुटला आहे. दोन्ही शून्य असतील तर लॉगच येत नाहीत, आणि शोध एजंटपासून सुरू करायचा.